धोटा : ठळक तिरप्या देवनागरी अक्षराच्या प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर २०२४

काम ठरलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला नवीन लेबल, खोक्यावरचं नाव आणि दुकानांसमोर लावायचे डिजिटल फलक हवे आहेत. मालकांची मागणी एका वाक्यात आटोपली: "अक्षर जाड पाहिजे, पळतं पाहिजे, आणि लांबून बघितलं की सोलापूरचं वाटलं पाहिजे." पहिल्या दोन गोष्टी मोजता येतात. तिसरीसाठी गावभर हिंडावं लागणार.

नुसते सात-आठ शब्द रेखाटून दिले असते तरी त्यांचं भागलं असतं. मी मात्र पूर्ण फॉन्टच करायला घेतो आहे. मराठीत ठळक सरळ अक्षरांची आता ददात राहिलेली नाही. 'एक टाइप' या संस्थेचा 'मोदक' हा फॉन्ट इतका जाड आहे की अक्षराच्या पोटात जेमतेम फट उरते. 'बालू' आणि 'मुक्ता' कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. पण ठळक आणि तिरपं, आणि तेही पहिल्या रेघेपासून तिरपं म्हणूनच काढलेलं, असं शोधायला गेलं की हाताला फार थोडं लागतं. बाकी बहुतेक ठिकाणी सरळ अक्षर निवडून तिरपं करायचं बटण दाबलेलं असतं. हे मला मनापासून खटकतं. जाहिरातीत, फलकावर, गाडीवर आपण ज्या अक्षराला सगळ्यात मोठ्यानं बोलायला लावतो, त्याच अक्षरावर सगळ्यात कमी मेहनत घेतली जाते.

कामापुरतं नाव 'धोटा'. मागावर आडवा पळतो, तोच.

५ डिसेंबर

नवी पेठ, चाटी गल्ली, मधला मारुती, कन्ना चौक, तिथून अशोक चौकापर्यंत चालत. कॅमेरा आणि वही सोबत.

तिरपं जाड अक्षर कुठे दिसतं: खासगी ट्रॅव्हल्सच्या कुशीवर, हैदराबाद रोडच्या ट्रकांवर, मोबाइलच्या दुकानांवर, व्यायामशाळांवर, आणि 'सेल' या शब्दात तर हटकून. कुठे दिसत नाही: देवळाच्या कमानीवर, दवाखान्यावर, सराफाच्या पाटीवर, शाळेवर. हे कुणी ठरवून दिलेलं नाही, तरी सगळे पाळतात. जिथे घाई, जोर, सूट, वेग विकायचा आहे तिथे अक्षर झुकतं. जिथे विश्वास विकायचा आहे तिथे ताठ उभं राहतं. पुढे वापराची टिपण्णी लिहिताना याच यादीपासून सुरुवात करायची.

पूर्व भागात शिरल्यावर वेगळीच गंमत. एकाच पाटीवर मराठी आणि तेलुगू, दोन्ही एका हातानं लिहिलेली. तेलुगूला शिरोरेघ नाही, सगळा कारभार गोलाईचा. तो हात मराठीकडे वळला की 'व', 'ब', 'क' यांची पोटं फुगतात आणि 'र'चं वळण कोपरा न करता घसरत खाली येतं. विजापूर वेशीकडे कन्नड आणि उर्दूही भेटते. एका गावात इतक्या लिप्या एकमेकींच्या शेजारी रंगवल्या जातात, त्याचा परिणाम अक्षरांच्या वळणावर दिसायलाच हवा आणि तो दिसतो. मालकांना हवं असलेलं 'सोलापूरचं वाटणं' मला या फुगीर पोटांत सापडेल असं वाटतं.

९ डिसेंबर

साखर पेठेतल्या एका जुन्या पेंटर मास्तरांकडे दुपार गेली. डिजिटल आल्यापासून त्यांचं भिंतीचं काम घटलंय, पण गाड्यांच्या मागच्या पाट्या आणि शटरवरची नावं अजून येतात. घरात तेलुगू, धंद्यात मराठी.

मी 'सेल' लिहून दाखवा म्हटलं. त्यांनी आधी सूत मारलं, खडू लावलेली दोरी ताणून टणकन सोडली की पत्र्यावर सरळ रेघ उमटते. वर एक, खाली एक. मग तिरपेपणासाठी काहीच आखलं नाही. पहिला काना, म्हणजे अक्षराची उभी रेघ, हातानं झुकवला आणि पुढचा प्रत्येक काना त्याच्या मापानं. 'स'चा काना, 'ल'चा काना, दोन्ही एकमेकांना समांतर. वरची मात्रा मात्र कान्याहून जास्त झोपवलेली. विचारलं तर म्हणाले, "मात्रा कान्याएवढीच ठेवली तर ती उभी दिसतीय. वर काय आधार नसतोय तिला, म्हणून जास्त झुकवायची."

शिरोरेघेबद्दल त्यांचं म्हणणं ठाम. "रेघ हलवायची नाही. काना झुकव, पोट झुकव, पण रेघ सुतात पाहिजे. रेघ हलली की दुकान हललं."

दुसरी गोष्ट मी जवळून बघितली. काना वर रुंद आणि खाली किंचित अरुंद येत होता. चपटा ब्रश शिरोरेघेपाशी पूर्ण दाबून टेकवायचा आणि खाली येता येता सैल सोडायचा. खालचं टोक कापताना ब्रश फिरवून एक तिरका काप. सरळ अक्षरात हे केलं असतं तर अक्षर लटपटलं असतं. तिरप्यात तेच पुढे रेटल्यासारखं दिसतं. वहीत मापं घेतली. वरची रुंदी दहा धरली तर खाली नऊच्या आसपास. फॉन्टमध्ये हे असंच घेणार.

१२ डिसेंबर

आजचा दिवस बटणाच्या तिरपेपणावर. ते का वाईट दिसतं हे नुसतं 'डोळ्याला खुपतं' म्हणून सोडायचं नव्हतं.

वेबपानांच्या नियमांत तिरप्या अक्षराचा कोन सांगितला नसेल तर १४ अंश धरला जातो. म्हणजे चार एकक वर गेलं की एक एकक उजवीकडे सरकायचं. आता सगळीकडे सारख्या जाडीचं, १०० एककांच्या रेघेचं एक गोल कडं घ्या आणि या हिशोबानं सरकवा. कडं लांबट होतं, वर उजवीकडे आणि खाली डावीकडे ताणलं जातं. जाडीही सारखी राहत नाही. डावीकडे वर आणि उजवीकडे खाली ती साधारण ८८ वर येते; उजवीकडे वर आणि डावीकडे खाली ११३ पर्यंत जाते. हे गणित आहे, इथे मताला जागा नाही.

आता बोरू आठवा. देवनागरीसाठी बोरूचं टोक रोमन लिपीच्या लेखणीच्या उलट बाजूनं तिरकं कापतात. त्यामुळे गोलाईत जाडी येते ती डावीकडे वर आणि उजवीकडे खाली, आणि बारकावा येतो तो उजवीकडे वर आणि डावीकडे खाली. म्हणजे बटण दाबलं की बोरूनं जिथे भार दिला आहे नेमकी तीच जागा बारीक होते, आणि जिथे हात हलका सोडला होता तिथे सूज येते. रोमन अक्षरात लेखणीचा भार आधीच उजवीकडे वर असतो, म्हणून तिथे सरकवल्यावर भार वाढतो, उलटत नाही. आपल्या लिपीत तो उलटतो. शाळेत कट निबनं सुलेखन गिरवलेला कुठलाही माणूस असं 'व' बघून अस्वस्थ होतो, त्याला कारण सांगता आलं नाही तरी.

ठळक अक्षरात हा दोष दुप्पट जाणवतो. बारीक अक्षरात शेकडा बाराचा फरक एक-दोन एककांत विरून जातो. दोनशे एककांच्या रेघेत तोच फरक पंचवीसवर जातो, आणि पोटातली पोकळी एका बाजूनं चेपलेली दिसते.

म्हणून निर्णय: सगळी गोल अक्षरं नव्यानं काढायची. व, ब, क, प, ष, य, थ, भ, म, घ, ध, छ. सरकवलेली आकृती फक्त खाली फिकट ठेवायची, जागेचा अंदाज यावा म्हणून.

१५ डिसेंबर

थोडं मागे जाऊन वाचन. हे कामाचंच आहे.

तिरपं अक्षर छपाईत आलं ते व्हेनिसमध्ये. आल्डुस मानुतियुस या मुद्रकासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो यानं ते कापलं आणि १५०१ मध्ये व्हर्जिलचा खिशात मावेल असा ग्रंथ पूर्णपणे त्या अक्षरात छापला गेला. तेव्हा त्याचा उपयोग एखादा शब्द उठून दिसावा म्हणून नव्हता. सगळा मजकूरच त्यात. ते कचेरीतल्या कारकुनांच्या पळत्या हस्ताक्षरावरून घेतलेलं. आणि त्यात मोठी अक्षरं सरळच ठेवली होती, झुकली होती ती फक्त छोटी. हे वाचून मला मास्तरांची सुतातली रेघ पटली. अक्षर तिरपं व्हायला त्यातलं सगळंच झुकावं लागतं असं नाही.

ठळकपणा पुष्कळ नंतरचा, एकोणिसाव्या शतकातल्या लंडनचा. भित्तिपत्रकं, नाटकांच्या आणि सोडतींच्या जाहिराती, एकमेकांवर कुरघोडी करणारी अक्षरं. १८४५ चं क्लॅरेंडन हे ठळक अक्षरही लंडनचंच. मग विसाव्या शतकात हातानं ओढल्यासारखी पळती अक्षरं: १९४२ चं ब्रश स्क्रिप्ट, रोजे एक्स्कोफाँची १९५३ ची मिस्त्राल आणि १९५५ ची शॉक. 'शॉक' मी आज पुन्हा तासभर बघितलं. एका फटक्यात ओढलेला जाड ब्रश, आणि तरी प्रत्येक पोकळी मोकळी.

आपल्याकडे शिशाच्या खिळ्यांत तिरपी देवनागरी रुजणं अवघडच होतं. खिळा चौकोनी, तिरपं अक्षर त्याच्या बाहेर लोंबतं आणि शेजारच्या खिळ्यावर घासतं. आपल्याला तर वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार. रोमन लिपीपेक्षा आपल्याला लोंबणारे भाग कितीतरी जास्त सांभाळायचे. त्यामुळे आपला तिरपेपणा छापखान्याबाहेर वाढला, पेंटरांच्या हातात आणि वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी त्या जाहिरातींसाठी प्रत्येक नाटकाच्या प्रकृतीनुसार अक्षर घडवलं. तिरपं करायचं तर का, हे त्या अक्षराकडे बघूनच कळायचं.

पळत्या हस्ताक्षराचा आपला वारसा म्हणाल तर मोडी. आधी पानभर रेघ ओढायची आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलता लिहीत जायचं. मोडीची अक्षरं घेता येणार नाहीत, आज ती रस्त्यावरच्या माणसाला वाचता येत नाहीत. चाल मात्र घेता येईल. कान्याचं खालचं टोक थांबण्याऐवजी किंचित उजवीकडे वळवून बघायचं.

२० डिसेंबर

कान्याचं वळवलेलं टोक: 'सोलापूर'मधल्या 'ला'वर सुंदर दिसतं, पुढच्या 'पू'पाशी आल्यावर दीर्घ उकाराला अडखळतं. ठरलं असं की वळण फक्त शब्दाच्या शेवटच्या कान्याला, आणि खाली उकार नसेल तरच. फॉन्टमध्ये ही अदलाबदल आपोआप होईल अशी सोय करता येते.

कोन आणि कुठून झुकवायचं, हे दोन प्रश्न. दुसरा आधी. रोमन अक्षर पायाच्या रेघेवर उभं असतं, म्हणून पाय जागेवर ठेवून डोकं ढकलतात. आपलं अक्षर शिरोरेघेला लटकलेलं असतं. मी रेघ जागेवर ठेवली आणि खालचा भाग डावीकडे नेला. फरक लगेच दिसला: रेघेवरची मात्रा थोडीच सरकते, रफार भरकटत नाही, आणि एका शब्दाखाली दुसरा सरळ शब्द ठेवला तरी दोन्ही एकाच सुतात सुरू होतात.

कोन: १४ अंशावर शब्द कलंडतो. आपल्या लिपीत काने इतके, आणि वर पक्की आडवी रेघ, त्यामुळे झुकाव रोमनपेक्षा जास्त भासतो. इंग्रजी अक्षराला १२ अंश साधा वाटतो. त्याच्या शेजारी देवनागरी साडेनऊवर बरोबरीची दिसते. साडेनऊ अंश म्हणजे सहा एककांना एक. मात्रा, वेलांटीचं वरचं टोक आणि रफार यांना मास्तरांच्या सांगण्याप्रमाणे थोडं जास्त.

२८ डिसेंबर

कारखान्यात. ज्या मास्टरांकडे जॅकार्डची, म्हणजे मागावर विणून काढायची, नक्षी असते त्यांच्याजवळ बसलो. लेबल विणलेलं असणार, आणि टॉवेलच्या बॉर्डरवरही नाव येणार, म्हणजे अक्षर शाईनं न उमटता धाग्यानं उमटणार.

विणकामात तिरपी रेघ म्हणजे पायऱ्या. काही बाणे (आडवे धागे) एकाच ताण्यावर (उभ्या धाग्यावर) चढतात, मग एक ताणा उजवीकडे, पुन्हा तेवढेच बाणे. त्यांच्या नमुन्यात ताणा बाण्याच्या दीडपट दाट होता. हिशोब केला: प्रत्यक्षात सहाला एक असा झुकाव हवा असेल तर त्या दाटीत दर चार बाण्यांना एक ताणा सरकवायचा. पूर्ण आकडा. पायऱ्या सगळ्या सारख्या पडतात, मध्येच एखादी तीनची नाही की पाचची नाही. मास्टर म्हणाले, "हे चालतंय. अर्ध्यात आलं असतं तर काना दातरला असता."

ठळकपणाचा उपयोग इथे डोळ्यांनी बघायला मिळाला. तीन ताण्यांच्या बारीक रेघेत एका ताण्याची पायरी म्हणजे रेघेचा तिसरा हिस्सा, ती मोडल्यासारखी दिसते. तीच पायरी चौदा ताण्यांच्या जाड काना-रेघेत सापडतही नाही. म्हणजे तिरपं विणायचं असेल तर जाडच विणायला हवं. शिरोरेघ बाण्याच्या दिशेनंच धावते, त्यामुळे तिला एकही पायरी नाही; सगळ्या कापडात तीच सगळ्यात स्वच्छ उमटते.

टेरीवर, म्हणजे टॉवेलच्या फाशांच्या कापडावर, वेगळी अडचण. फासे धुतल्यावर फुलतात आणि अक्षराच्या पोटात शिरतात. 'ष' आणि 'ब'मधली आतली तिरकी रेघ तर पार बुडते. टेरीसाठी पोकळ्या आणखी मोकळ्या केलेली वेगळी जाडी लागेल. ती 'धोटा टेरी' म्हणून वेगळी फाइल.

३ जानेवारी २०२५

'गड्डा', म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा. ती तोंडावर आली आहे आणि मालकांना होम मैदानाजवळ लावायला फलक हवा: 'गड्डा सेल'. ड्ड या जोडाक्षरावर अख्खा दिवस गेला आणि तो सार्थकी लागला.

एकाखाली एक दोन 'ड'. बारीक अक्षरात वरचा पूर्ण, खालचा पूर्ण, काही अडत नाही. ठळक अक्षरात दोन मजले केले तर खालचा 'ड' पुढच्या ओळीत घुसतो. दोन्ही दाबून बसवले तर चार वळणं एकमेकांत चिकटून काळा डाग होतो. पाय मोडून 'गड्‌डा' लिहिणं हा पळवाटेचा मार्ग. यात्रेच्या गावात यात्रेचं नाव लंगडं लिहायचं नाही.

मास्तरांना फोनवर फोटो पाठवला. त्यांनी कागदावर काढून परत पाठवलं. वरच्या 'ड'ची खालची शेपटी त्यांनी कापली आणि तिथूनच खालच्या 'ड'ची मान सुरू केली. दोघांत एक रेघ सामाईक. खालचा 'ड' वरच्यापेक्षा लहान, आणि तिरपेपणामुळे तो डावीकडे सरकतो, तर त्याला आणखी थोडा डावीकडे घेऊन वरच्याच्या पोटाखाली बसवला. सरळ अक्षरात ही जागा मिळालीच नसती. तिरपेपणानंच ती मोकळी करून दिली. याच रीतीनं ट्ट, ठ्ठ, द्ध, द्व, ङ्क काढायचे.

दोन शब्द पक्के परीक्षेचे झाले. 'सिद्धेश्वर': वेलांटी, द्धवर मात्रा, श्व, शेवटी एकटा 'र'. आणि 'कुर्डुवाडी': एका ड वर रफार, खाली उकार, शेजारी काना. हे दोन बसले की बाकी बरंचसं आपोआप बसतं.

१२ जानेवारी

आज हुतात्मा दिन. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १९३१ मध्ये याच तारखेला येरवड्यात फाशी दिलं. त्याआधी १९३० मध्ये या शहरानं मार्शल लॉ सोसला होता. सकाळी चौकात पुतळ्यांना हार घालायला गेलो होतो.

तिथल्या एका फलकावर चारही नावं जाड तिरप्या अक्षरात होती, बटणानं तिरपी केलेली, वर पांढरी कड आणि सावली. लावणाऱ्यांच्या मनात आदरच असणार. पण ती नावं बघून मला फार वाईट वाटलं. तिरपं ठळक अक्षर बघणाऱ्याला 'चल, लवकर' म्हणतं. या नावांपुढे माणसानं थांबायला हवं. इथे ताठ अक्षर हवं, मोकळी जागा हवी, मध्यम जाडी पुरे.

फॉन्टबरोबर जी टिपण्णी जाईल त्यात हे स्पष्ट लिहायचं: श्रद्धांजली, शोक, स्मारक, प्रतिज्ञा, सरकारी सूचना, औषधाची माहिती, यांत हा फॉन्ट वापरू नये.

१७ जानेवारी

नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम सगळं पार पडलं. आता गड्डा भरात आहे. संध्याकाळी फलक बघायला गेलो. पाळण्यांचे दिवे, धूळ, गर्दी. 'गड्डा सेल' मैदानाच्या पलीकडच्या टोकावरून वाचता येतो. ड्ड फुटत नाही, बुजत नाही. खाली तीन ओळींत कारखान्याचा पत्ता आणि सवलतीचे नियम, तेही कुणीतरी याच फॉन्टात घातलेत. ते जवळ जाऊनही नीट वाचवत नाहीत. सगळंच ओरडायला लागलं की कानात काहीच शिरत नाही. पाच शब्दांच्या पुढे हा फॉन्ट नेऊ नये, फार तर सहा.

२६ जानेवारी

अंतरं. शिरोरेघेच्या टोकांना तिरका काप दिला. दोन अक्षरं जुळतात तिथे तो दिसत नाही, शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटी दिसतो आणि तेवढ्यानं शब्द पुढे सरकल्यासारखा वाटतो. शिरोरेघ कान्यापेक्षा बारीक ठेवली, कान्याच्या तीन चतुर्थांशापेक्षा थोडी जास्त. समान ठेवली तर वरचा भाग छत कोसळल्यासारखा जड होतो.

अनुस्वार गोल ठेवला होता, तो तिरप्या चौकटीत परका दिसतो. ब्रशचा एक दाब दिल्यासारखा तिरका थेंब केला.

८ फेब्रुवारी

मराठी वळणं. मराठी वाचकाला 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आले की वाचता येतात, पण आपले वाटत नाहीत. फॉन्टमध्ये भाषा मराठी सांगितली की ही दोन अक्षरं बदलतात अशी सोय असते. बऱ्याच प्रणाली ती भाषा सांगतच नाहीत. म्हणून इथे मराठी वळणच मूळ ठेवलं आणि हिंदी वळण पर्यायी. 'सोलापूर', 'सेल', 'टॉवेल' या तिन्ही शब्दांत 'ल' आहे, हा निर्णय टाळता येण्यासारखा नव्हताच.

'ऱ्ह' आणि 'ऱ्य'मधला अर्धा र: ठळक अक्षरात ती छोटी आडवी लाट जाड केली की शेजारच्या अक्षराला जाऊन भिडते. ती रेघेच्या थोडी खाली उतरवली आणि एका टोकाला बारीक केली. 'कऱ्हाड', 'दऱ्या', 'तऱ्हा' तपासले.

२२ फेब्रुवारी

कन्ना चौकाजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात चाचणी. तिथल्या ताई रोज लग्नं, वाढदिवस, निवडणूक, दशक्रिया यांचे फलक करतात. त्यांचा हात पडला की फॉन्टची खरी परीक्षा. त्यांनी सवयीनं आधी पिवळा भरला, लाल कड दिली, काळी सावली टाकली आणि वर चकाकी. फॉन्ट टिकला. पण कड बाहेरून दिली की पोकळ्या बुजत होत्या.

ताई म्हणाल्या, "सर, तुमच्या अक्षरात जोर आहेच, मग कड कशाला म्हणते मी. पण गिऱ्हाईक मागतंच."

मागणार असतील तर ती नीट मिळावी. म्हणून कड आणि सावली यांचे दोन वेगळे थर फॉन्टसोबतच द्यायचे ठरवलं. कड आतल्या पोकळीला न शिवता फक्त बाहेरच्या बाजूला, आणि सावली कान्याच्या झुकावाशी जुळणारी, डावीकडे खाली. तिन्ही थर एकावर एक ठेवले की मास्तरांच्या हातच्या पाटीजवळ जातं. मास्तरांना छापील नमुना दाखवला. त्यांनी 'र'च्या शेपटीवर बोट ठेवलं: "इथं ब्रश उचलला नाहीस." खरंच, टोक बोथट होतं. निमुळतं केलं.

९ मार्च

इंग्रजी जोडीदार. निर्यातीच्या लेबलवर गावाचं नाव दोन्ही लिप्यांत येणार. इंग्रजी मोठी अक्षरं १२ अंश, देवनागरी साडेनऊ. उंची शिरोरेघेशी जुळवली तर इंग्रजी शब्द धिप्पाड दिसतो, म्हणून रेघेच्या थोडं खालीच थांबवला. भार मात्र आपल्या बोरूचा न ठेवता त्या लिपीच्या लेखणीचा ठेवला. दोन्ही लिप्यांना एकाच बाजूचा भार दिला की एक कुणीतरी नक्कल केल्यासारखी दिसते. जाडी, तिरके काप आणि निमुळती टोकं सारखी असली की नातं कळतं.

१८ मार्च

विणलेल्या लेबलचा पहिला तुकडा हातात आला. काने सारख्या पायऱ्यांनी चढलेत. 'सो'ची मात्रा एका ताण्यानं जास्त झुकली आहे, ती मास्टर ग्राफवर दुरुस्त करणार आहेत. टेरीवरचा नमुना पाच वेळा धुऊन मग बघायचा, असं मालकांचं म्हणणं. बरोबर आहे.

मालकांना द्यायची वापराची टिपण्णी आज लिहून संपवली. मजकूर इथे उतरवून ठेवतो:

हा फॉन्ट नावासाठी आणि हाकेसाठी आहे. दुकानाचं नाव, मालाचं नाव, सूट, स्पर्धा, गाडी, यात्रा, खेळाचा संघ. एका वेळी पाच-सहा शब्द. बोटाच्या पेराहून लहान आकारात छापू नये, द्ध आणि ड्ड बुजतात. पत्ता, नियम, किमतीचा तक्ता सरळ मध्यम अक्षरात घ्यावा. शेजारी 'मुक्ता' ठेवून बघितलं, छान जुळतं. सगळ्या फलकावर तिरपी गोष्ट एकच असावी. अक्षर आधीच तिरपं आहे, त्याला पुन्हा तिरपं करू नये. अक्षरांमध्ये मोकळी जागा टाकून शब्द ताणू नये, शिरोरेघ तुटते. श्रद्धांजलीच्या फलकावर वापरू नये.

२३ मार्च

टिपण्णी वाचून मालकांचा फोन. शेवटच्या ओळीबद्दल विचारत होते, कारण त्यांच्या वडिलांचं वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे आणि फलक याच अक्षरात करावा असं घरात ठरलं होतं, कारखाना वडिलांनीच उभा केला म्हणून. मी म्हटलं, नाव सरळ अक्षरात काढून देतो, तुमच्यासाठी वेगळं. काने तेच, पोटं तीच, फक्त झुकाव काढलेला आणि जाडी निम्म्यावर. ते बरं म्हणाले.

म्हणजे 'धोटा'ची सरळ बहीणही काढावी लागणार. उद्यापासून तेच. 'व'पासून सुरुवात, शिरोरेघ आहे तिथेच.